कामाचा संवाद आणि नोकरीचा संवाद

माहिती-तंत्रज्ञानाच्या कार्यालयांत एकाच टेबलाशी बसून एकाच प्रणालीवर काम करणाऱ्या माणसांचे मालक वेगवेगळे असणे ही आता इतकी नित्याची गोष्ट झाली आहे की, तिच्यामुळे टीमच्या आपसांतील बोलण्यात कोठे खंड पडतो याचा वेगळा विचार सहसा केला जात नाही. कंपनीच्या स्वतःच्या वेतनपटावर असलेल्याला ‘पेरोलवरचा’ म्हणतात. मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीमार्फत, ठरावीक मुदतीच्या करारावर आलेल्याला ‘थर्ड पार्टीवरचा’ किंवा नुसता ‘कंत्राटी’ म्हणतात. आणि ज्या कंपनीच्या जागेत व जिच्यासाठी तो प्रत्यक्ष राबतो तिला कायद्याच्या भाषेत ‘प्रमुख नियोक्ता’ अशी संज्ञा आहे. पगार एका कंपनीकडून, काम दुसऱ्या कंपनीचे आणि ज्याच्यासाठी ते काम चालते तो ग्राहक पुष्कळदा तिसराच, असा हा तिपेडी व्यवहार असतो. त्यात कंत्राटी सहकाऱ्यापर्यंत काय पोचवायचे, काय पोचवायचे नाही आणि ते कोणी पोचवायचे, हे कोठेच लिहिलेले नसते; प्रस्तुत लेखकाला जवळून पाहता आलेल्या बहुतेक घोटाळ्यांचे मूळ या न लिहिलेल्या जागेत होते.

मुंबईतील दिंडोशी हा या प्रश्नाच्या अभ्यासाला योग्य असा परिसर आहे. मालाड आणि गोरेगाव या स्थानकांच्या पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडल्यावर राष्ट्रीय उद्यानाच्या व आरेच्या झाडीकडे चढत जाणाऱ्या या भागात, जनरल अरुणकुमार वैद्य मार्गावर इन्फिनिटी आयटी पार्कच्या इमारती आहेत. महामार्गाने दक्षिणेकडे गेले की निरलॉन नॉलेज पार्क आणि नेस्को ही गोरेगावची कार्यालयसंकुले लागतात, तर रुळांपलीकडे मालाड पश्चिमेला माइंडस्पेस आहे. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या धडपडीतून उभी राहिलेली नागरी निवाराची वसाहत, संतोष नगरची दाट वस्ती, दिवाणी व सत्र न्यायालयाची शाखा आणि दादासाहेब फाळके चित्रनगरी हे सारे याच टप्प्यात येते. मेट्रो ७ चा पहिला टप्पा एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये ती गुंदवलीपर्यंत पोचली, त्यामुळे दहिसर-बोरिवलीकडून येणाऱ्यांची सोय झाली. तरी विरार-नालासोपाऱ्याहून लोकलने येऊन पुढे शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहणाऱ्यांची संख्या मोठीच आहे. त्या रांगेत कोण पेरोलवरचा आणि कोण कंत्राटी हे ओळखता येत नाही. ते इमारतीच्या फाटकाशी, गळ्यातल्या ओळखपत्राच्या फितीच्या रंगावरून कळते.

टीममधला संवाद मुळात दोन प्रकारचा असतो आणि या दोहोंत भेद करणे हा येथील विवेचनाचा गाभा आहे. काय बनवायचे, कोणता निर्णय कशासाठी झाला, काल रात्री प्रणालीत काय बदलले, बिघाड झाला तर कोणाला झोपेतून उठवायचे, हा सगळा कामाचा संवाद होय. पगार, बढती, रजा, वार्षिक मूल्यमापन, शिस्तभंगाची कारवाई, कंपनीचे समभाग, अंतर्गत पदांच्या जाहिराती हा नोकरीचा संवाद होय. कंत्राटी माणसाच्या बाबतीत दुसऱ्या प्रकारचा संवाद त्याच्या पुरवठादार कंपनीने, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘कंत्राटदाराने’ करावा हे रास्त आहे. पहिल्या प्रकारचा संवाद अर्धवट ठेवण्याला मात्र कोणतेही समर्थन नाही. अडचण अशी की प्रत्यक्षात हे दोन्ही संवाद एकाच सभेत, एकाच मेलमध्ये, एकाच चॅट-चॅनेलवर मिसळलेले असतात, आणि नोकरीचा संवाद कंत्राटी माणसाच्या कानी पडू नये म्हणून त्याला कामाच्या संवादातूनही वगळणे हा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग ठरतो.

या वगळण्याची किंमत काय पडते, ते दिंडोशीतील एका कार्यालयात घडलेल्या प्रकारावरून स्पष्ट होते. तेथे विम्याच्या हप्त्यांची वसुली हाताळणाऱ्या प्रणालीवर काम चाले. विमेदाराने बँकेला एकदा देऊन ठेवलेल्या कायम सूचनेनुसार, जिला ‘मँडेट’ म्हणतात, हप्ता त्याच्या खात्यातून आपोआप वळता होतो. कोणता हप्ता वसूल झाला आणि कोणता परत आला याच्या फाइली बँका दिवसअखेर पाठवतात. आणि ठरलेल्या वेळी स्वतःहून चालणारी कार्यमालिका, म्हणजे ‘बॅच जॉब’, रात्री त्या फाइली वाचून हिशेबाचा ताळमेळ घालते. हा ताळमेळ सांभाळणारे रात्रपाळीतील दोघेही जण कंत्राटी होते. त्यांतल्या महिला अभियंत्याला अनुभवाने एक गोष्ट ठाऊक झाली होती की, एका बँकेची फाइल मध्यरात्र उलटल्यावर येते आणि तिच्यातील प्रत्येक नोंदीवर आदल्या दिवसाची तारीख असते. म्हणून त्या बँकेपुरता जॉब ती हाताने, आदल्या दिवसाची तारीख देऊन चालवी. ही युक्ती कोणत्याही कागदपत्रात नोंदलेली नव्हती, कारण ती नोंदवण्याची जागा ज्या दस्तऐवज-संचात होती तो उघडण्याची परवानगी कंत्राटी खात्यांना नव्हती.

दिवसपाळीच्या टीमने रोज सकाळी होणाऱ्या छोट्या आढावा-सभेत, जिला ‘स्टँड-अप’ म्हणतात, असे ठरवले की जुन्या फाइली चुकून पुन्हा वाचल्या जाऊ नयेत म्हणून, नोंदीवरची तारीख आणि जॉब सुरू झाल्याची प्रत्यक्ष तारीख जुळत नसेल तर ती नोंद प्रणालीने नाकारावी. निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता आणि त्याची चाचणीही झाली होती. फक्त चाचणीसाठी वापरलेल्या फाइलींत मध्यरात्रीनंतर येणारी ती फाइल नव्हती. बदल संध्याकाळी प्रॉडवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या प्रणालीवर, चढवला गेला. रात्री त्या बँकेच्या झाडून सगळ्या नोंदी नाकारल्या गेल्या. पडद्यावर लाल अक्षरांत वाढत जाणारा नाकारलेल्या नोंदींचा आकडा त्या अभियंत्याने पाहिला, परंतु त्या दिवशी काही बदल झाला आहे याची तिला कल्पनाच नव्हती. त्यामुळे पूर्वी एकदोनदा आली होती तशी फाइल सदोष आली असावी, असे तिने धरले, हातातल्या कार्यपद्धतीप्रमाणे बँकेच्या मदतकक्षाला नवी फाइल मागणारी मेल केली आणि पाळी बदलताना भरायच्या हँडओव्हर शीटमध्ये तसे लिहून ठेवले. तिच्याजवळ जेवढी माहिती होती तेवढ्यावर हे वागणे सर्वथा बरोबर होते. सकाळी मात्र, ज्यांच्या खात्यातून पैसे व्यवस्थित वळते झाले होते अशा विमेदारांना ‘आपला हप्ता जमा झालेला नाही’ असे संदेश गेले. हप्ता चुकला तर विम्याचे संरक्षण खंडित होते एवढे जाणणाऱ्या घरात असा संदेश काय धास्ती निर्माण करतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

यानंतर जे घडले ते अधिक गंभीर मानले पाहिजे. बिघाडाचे मूळ कारण शोधण्यासाठी जी सभा घेतात तिला ‘आरसीए’ म्हणतात. या आरसीएला रात्रपाळीतील दोघांपैकी एकालाही बोलावणे गेले नाही, कारण सभेचे निमंत्रण ज्या मेल-यादीवर गेले तीत त्यांची नावेच नव्हती. हँडओव्हर शीटमधली ओळ तेवढी सभेसमोर होती, आणि तिच्या आधारे ‘बँकेची फाइल सदोष’ असे कारण नोंदवून प्रकरण बंद करण्यात आले. बँकेने फाइल निर्दोष असल्याचे कळवले, त्यावर पत्रव्यवहार लांबला, तारखेचा नियम जागच्या जागी राहिला आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या एका बँकेने फाइल पाठवण्याची वेळ बदलताच तिच्याही नोंदींबाबत तोच प्रकार घडला. तेव्हा कोठे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने रात्री थांबून त्या अभियंत्याला ‘तुम्ही ही फाइल कशी चालवता, ते जरा दाखवता का?’ असे विचारले. तिने हँडओव्हर शीटच्या पाठीवर दोन तारखा आणि एक बाण काढून थोडक्या वेळात सारे उलगडून दाखवले.

या घटनाक्रमात कोणीही ‘कंत्राटी माणसांना सांगू नका’ असा आदेश दिलेला नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. हे वगळणे बहुतांशी यंत्रणेच्या रचनेतून होते. पेरोलवरच्या कर्मचाऱ्याची नोंद मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीत असते आणि ‘सर्व टीम’, ‘सर्व मजला’ यांसारख्या मेल-याद्या तिच्यातूनच आपोआप तयार होतात. कंत्राटी माणूस कार्यालयात येतो तो खरेदी विभागाच्या वाटेने: त्याच्यासाठी पुरवठादाराला ‘पीओ’, म्हणजे खरेदी-आदेश, दिलेला असतो, आणि त्याचे नाव त्या आदेशाच्या आणि महिनाअखेरीच्या टाइमशीटच्या नोंदीत राहते. जो मनुष्यबळाच्या नोंदीत नाही तो यादीत नाही, आणि जो यादीत नाही त्याला सभेचे निमंत्रण नाही, दस्तऐवजाची परवानगी नाही, बदलाची सूचना नाही. ज्या कंपन्या कंत्राटी मेल-पत्त्यापुढे ‘एक्स्टर्नल’ अशी खूण लावतात त्यांच्याकडे आणखी एक परिणाम दिसतो की, खूण पाहताच पाठवणाऱ्याचा हात आखडतो आणि त्याच माणसाच्या कामासंबंधीची मेलही त्याला वगळून पाठवली जाते.

यंत्रणेच्या जोडीला कायद्याची धास्ती असते आणि ती पूर्णतः निराधार नाही. कंत्राटी कामगारांना आपल्या सभांना बसवले, आपल्या कार्यक्रमांना बोलावले, तर उद्या ते आपलेच कर्मचारी असल्याचा दावा करतील, ही भीती अनेक व्यवस्थापक बोलून दाखवतात. अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्ध चाललेल्या विझकायनो खटल्याने ही भीती जगभर पोचवली. वर्षानुवर्षे ‘तात्पुरते’ म्हणून राबवलेल्या आणि म्हणूनच ‘पर्माटेम्प’ म्हटल्या गेलेल्या त्या कामगारांची ओळखपत्रे नारिंगी आणि कायम कर्मचाऱ्यांची निळी असत. समभाग-खरेदी योजनेचे लाभ नाकारले गेल्याबद्दलचा त्यांचा दावा डिसेंबर २००० मध्ये ९ कोटी ७० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. त्यानंतर कंत्राटी माणसाला वेगळे ‘दिसते’ ठेवण्याचे नियम अनेक ठिकाणी कडक झाले, आणि परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या आपल्याकडच्या कार्यालयांत ते नियमपुस्तिकांबरोबर आले असे मानायला पुष्कळ जागा आहे. त्या खटल्यातला वाद मात्र लाभांचा होता. कामगारांना सभेला बसू दिले म्हणून ती रक्कम मोजावी लागली नाही.

भारतीय कायद्याची घडण निराळी आहे आणि तिचा एक धागा मुंबईतूनच निघतो. ट्रॉम्बेच्या स्टँडर्ड व्हॅक्युम तेलशुद्धीकरण कारखान्यात साफसफाईचे काम कंत्राटाने करून घेण्याविरुद्ध कायम कामगारांनीच वाद उभा केला, आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य करताना काम बारमाही आहे का, उद्योगाला आवश्यक आहे का, इतरत्र ते नियमित कामगारांकडून करून घेतले जाते का, अशा कसोट्या लावल्या. पुढे १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमात त्या जवळजवळ तशाच उतरल्या. आपल्यासोबत राबणाऱ्या पण आपल्यातल्या न गणल्या जाणाऱ्या माणसांसाठी कायम कामगारांच्या संघटनेने भांडावे, ही गोष्ट आजच्या तंत्रज्ञान-कार्यालयांनी जाणून घेण्यासारखी आहे. २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटी प्रकरणात न्यायालयाने ठरवले की कंत्राटपद्धती बंद केली तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत, परंतु कंत्राट हा निव्वळ देखावा असेल तर ते प्रमुख नियोक्त्याचेच कर्मचारी ठरतात.

देखावा कशावरून ओळखायचा, हा यातला कळीचा प्रश्न. एअर इंडियाच्या उपाहारगृह कामगारांसंबंधीच्या बलवंत राय सलुजा प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्या बाबी पाहाव्यात असे सांगितले त्या अशा: नेमणूक कोण करतो, पगार कोण देतो, कामावरून काढण्याचा अधिकार कोणाला आहे, शिस्तभंगाची कारवाई कोण करू शकतो, सेवेत सातत्य आहे का, आणि नियंत्रण व देखरेख किती प्रमाणात आहे. त्याआधी २००९ मध्ये विमानतळ प्राधिकरण आणि मालवाहतूक कामगार यांच्यातील वादात न्यायालयाने याहून सूक्ष्म भेद केला होता. कंत्राटी कामगाराने आपल्या जागेत कोणते काम कसे करावे हे प्रमुख नियोक्त्याने सांगणे हे दुय्यम नियंत्रण होय. त्याला कोठे पाठवायचे, किती काळ ठेवायचे आणि कोणत्या अटींवर, हे ठरवण्याचे प्राथमिक नियंत्रण कंत्राटदाराकडे असते. आणि दुय्यम नियंत्रण असण्याने प्राथमिक नियंत्रण हिरावले जात नाही. या कसोट्यांवर कामाची माहिती वाटून घेणे तपासले, तर नेमणूक, पगार, बडतर्फी व शिस्त यांच्याशी त्याचा काही संबंध येत नाही, आणि नियंत्रणाच्या कसोटीवरही ते फार तर दुय्यम बाजूला पडते. उलट जे टीम लीड कंत्राटी माणसाला स्टँड-अपला बोलावत नाहीत पण त्याची रजा स्वतः मंजूर करतात, त्याच्या पगारवाढीचा शब्द देतात आणि चूक झाली की ‘उद्यापासून येऊ नका’ असे परस्पर सांगतात, तेच कायद्याच्या दृष्टीने धोक्याच्या रेषेपलीकडे जातात. अनेक कार्यालयांत सावधगिरी नेमकी उलट्या जागी घेतली जाते, असे खेदाने म्हणावे लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने १९७० च्या अधिनियमाची जागा घेतली असून, तिचा कंत्राटी कामगारांविषयीचा भाग ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो आणि गाभ्याच्या कामात, काही अपवाद वगळता, कंत्राटी मनुष्यबळ वापरण्यास तिची मनाई आहे. कंत्राटदाराकडे कायम नोकरीत असलेला, नियमित वेतनवाढ आणि सामाजिक सुरक्षा मिळणारा कर्मचारी तिच्या व्याख्येनुसार ‘कंत्राटी कामगार’ ठरत नाही. त्यामुळे मोठ्या सेवा-कंपनीतून ग्राहकाच्या कार्यालयात बसवलेला अभियंता आणि सहा-सहा महिन्यांच्या करारावरचा चाचणी-अभियंता यांची कायदेशीर स्थिती एकच असेल असे नाही. संवादाच्या दृष्टीने मात्र दोघांची गरज एकच असते.

काही माहिती अशी असते की ती न पोचणे हा केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. पावसाळ्यात मालाडचा भुयारी मार्ग पाण्याखाली जातो, महामार्ग तुंबतो, लोकल रखडतात. २ जुलै २०१९ रोजी, मुसळधार पावसात मालाड पूर्वेतील कुरारच्या पिंपरीपाड्यात जलाशयाच्या आवाराची भिंत झोपड्यांवर कोसळून वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्या दिवशी राज्य शासनाने मुंबईत सुट्टी जाहीर केली होती. अशा दिवशी ‘आज कार्यालयात येऊ नये, घरून काम करावे’ हा निरोप मनुष्यबळ विभागाच्या यादीवर जातो आणि त्या यादीत नसलेला माणूस गुडघाभर पाण्यातून दिंडोशी गाठून बंद मजल्यासमोर उभा राहतो, असे घडू देणे अक्षम्य आहे. आग, पूर, इमारत रिकामी करण्याचा सराव यांच्या सूचनांची यादी मनुष्यबळाच्या नोंदीवरून करू नये; ज्याच्याजवळ फाटक उघडणारे कार्ड आहे तो प्रत्येक जण, सफाई कामगार आणि सुरक्षारक्षकही, त्या यादीत असला पाहिजे, आणि ती फाटकाच्या नोंदीवरून रोज आपोआप अद्ययावत होईल अशी व्यवस्था करणे तंत्रज्ञानाच्या कार्यालयाला मुळीच अवघड नाही.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या अधिनियमाने ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या करताना कंत्राटदारामार्फत आलेल्यांचा, प्रमुख नियोक्त्याला त्याची माहिती असो वा नसो, स्पष्ट समावेश केला आहे. तरीही अशा तक्रारी हाताळणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे आणि तक्रारीचा मेल-पत्ता बहुधा कर्मचाऱ्यांसाठीच्या आतल्या संकेतस्थळावर असतो आणि कंत्राटी महिलेला ते संकेतस्थळ उघडतच नाही. ज्या कायद्याने तिला नाव घेऊन आत घेतले त्याची वाट तिच्यासाठी संगणकाच्या परवानगीने बंद होते. समितीचा आदेश दर्शनी जागी लावणे हे कायद्याने घातलेले बंधन आहे, तेव्हा तो प्रत्येक मजल्यावर लावलेला असावा आणि पहिल्याच दिवशी कंत्राटी महिलेच्या हाती द्यावा. सायबर सुरक्षेचेही असेच आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते. रात्री प्रणालीसमोर बसलेला एकटा माणूस कंत्राटी असेल आणि त्याला कोणाला फोन लावायचा हे सांगितलेलेच नसेल, तर त्यातले अर्धे तास सकाळची पाळी येईपर्यंत निघून जातात. अधिकृत चॅनेलवर जागा न मिळालेली माणसे स्वतःचा व्हॉट्सॲप गट काढतात आणि तेथे कामापुरते म्हणून ग्राहकांच्या नोंदींचे स्क्रीनशॉट फिरू लागतात, हा धोका तर कोणत्याही सुरक्षा-अधिकाऱ्याला बसल्या जागी दिसावा.

याच परिसरात, जेमतेम टेकडी ओलांडून, या प्रश्नाचे जुने आणि उत्तम उत्तर चालू अवस्थेत पाहायला मिळते. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या चित्रनगरीत चित्रीकरणावर काम करणारी बहुतेक माणसे त्या-त्या निर्मितीपुरती, पुष्कळशी तर त्या-त्या शिफ्टपुरती आलेली असतात. कायम नोकरीतला माणूस तेथे अपवादच. तरीही दुसऱ्या दिवशी कोणते दृश्य, कोणत्या फ्लोअरवर, किती वाजता, कोणते कलाकार, कोणता पोशाख, कोणते सामान, हे सारे एका कागदावर मांडलेले असते आणि ती ‘कॉल शीट’ आदल्या संध्याकाळी दिग्दर्शन विभागाकडून सर्व विभागांना जाते. प्रकाशयोजनेच्या माणसाला दृश्य रात्रीचे आहे हे कळवायचे की नाही, असा प्रश्न तेथे उद्भवत नाही, कारण न कळवल्यास दुसऱ्या दिवशीचे काम उभे राहणार नाही हे सगळ्यांना दिसते. कॉल शीटमध्ये कोणाचे मानधन किती हे लिहिलेले नसते. कामाचा आणि नोकरीचा संवाद वेगळा करण्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि तंत्रज्ञानाच्या टीमने ते तसेच्या तसे उचलावे: त्या दिवशी प्रणालीत होणारा प्रत्येक बदल, तो करणारा, त्याचा परिणाम होऊ शकेल अशी कामे आणि रात्री बिघाड झाल्यास उपलब्ध असणारा माणूस, एवढे एका पानावर लिहून ते पान संध्याकाळी, पेरोलचा विचार न करता, त्या प्रणालीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला मिळाले पाहिजे.

त्यासाठी टीम लीडने एक यादी स्वतःच्या हाताने राखावी लागते, जिला कामाची यादी म्हणता येईल. तीत नाव घालण्याचा निकष ‘हा माणूस या प्रणालीवर काम करतो का’ एवढाच असावा, आणि कंत्राटी माणूस ज्या दिवशी रुजू होतो त्या दिवशी त्याचे नाव तीत यावे व ज्या दिवशी जातो त्या दिवशी निघावे. हे दुसरेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण गेलेल्या माणसाचे उघडे राहिलेले खाते सुरक्षेला बाधक असते आणि त्याच्या माथी नंतर भलताच आळ येऊ शकतो. स्टँड-अप, बदलांची चर्चा आणि आरसीए यांची निमंत्रणे याच यादीवर जावीत. मूल्यमापन, पगारवाढ, कंपनीचे आर्थिक निकाल असे विषय त्या सभांत आणूच नयेत. त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवावी, म्हणजे सभेच्या मध्येच ‘आता थर्ड पार्टीवाल्यांनी बाहेर जावे’ असे सांगण्याची वेळ येत नाही. ज्यांनी असे सांगितलेले ऐकले आहे त्यांना त्या वाक्याने माणसाचे काय होते हे माहीत असते. तो उठून जातो आणि पुढच्या सभेत तोंड उघडत नाही, मग मध्यरात्रीच्या फाइलीची तारीख त्याच्याकडून कोणाला कळणार? ज्या सभा इंग्रजीत चालतात तेथे ही गप्प राहण्याची सवय आणखी घट्ट होते. जेवणाच्या सुट्टीत मराठीत किंवा हिंदीत तोच माणूस प्रणालीतले खाचखळगे भरभरून सांगत असतो, तेव्हा सभेतही त्याला सोयीच्या भाषेत बोलू द्यावे.

गोपनीयतेचा आक्षेप योग्य आहे, पण त्याचे उत्तर कामाच्या भूमिकेवरून द्यावे, वेतनपटावरून नव्हे. ताळमेळ घालणाऱ्याला विमेदाराचा आजार कळण्याची गरज नाही, मग तो कंत्राटी असो वा कायम. आणि त्याला तारखेचा नियम कळण्याची गरज आहे, तीही दोन्ही स्थितींत. कामाविषयीचा अभिप्राय, म्हणजे हे चांगले झाले, ते असे करावे लागेल, टीम लीडने थेट द्यावा. रजेचा अर्ज, वर्तणुकीची तक्रार, मुदतवाढीचा निर्णय मात्र कंत्राटदाराच्या समन्वयकामार्फत जावा, आणि टीमला रजेची नुसती माहिती मिळावी.

कंत्राटी माणसानेही रुजू होतानाच काही गोष्टी विचारून घ्याव्यात आणि त्या मेलवर घ्याव्यात. कामाच्या सूचना कोणत्या चॅनेलवर येतात, रात्री बिघाड झाल्यास पहिला फोन कोणाला, कंत्राटदाराचा समन्वयक कोण, अंतर्गत समितीचा पत्ता कोणता, कराराची शेवटची तारीख काय, हे प्रश्न विचारण्यात आगाऊपणा नाही. भविष्य निर्वाह निधीचा भरणा आपल्या खाते-क्रमांकावर दरमहा दिसतो का, हेही त्याने स्वतः पाहावे. स्वतः शोधून काढलेली प्रत्येक युक्ती हँडओव्हर शीटमध्ये, कारणासह, स्वतःच्या नावाने लिहावी. आपल्याजवळची माहिती लपवली तर मुदतवाढ मिळेल, हा समज बाळगणारे पुष्कळ असतात, परंतु मुदतवाढीचा निर्णय बहुधा खरेदी विभागाच्या अंदाजपत्रकावर होतो आणि तेथे त्या युक्तीचा पत्ताही नसतो.

करार संपण्याची वेळ ही या साऱ्या संवादाची सर्वांत अवघड जागा आहे. मुदतवाढ नाही हे टीमला आधी आणि ज्याच्याविषयी आहे त्याला नंतर, तेही एखाद्या दिवशी सकाळी कार्ड चालेनासे झाल्यावर कळावे, हे सर्रास घडते. निर्णय झाला की तो त्याच दिवशी कंत्राटदाराला लेखी कळवावा, कंत्राटदाराने तो संबंधिताला सांगितल्याची खात्री करून मगच टीमसमोर त्याचा उल्लेख व्हावा, आणि केटीसाठी, म्हणजे हातातले काम व त्यातली जाण दुसऱ्याला समजावून देण्यासाठी, वेळ राखून ठेवावा. त्या केटीला ज्याने पुढे काम घ्यायचे त्याने प्रत्यक्ष पाळीत सोबत बसावे. नुसते कागद भरून घेऊ नयेत. नव्या संहितेनुसार कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास केलेल्या कामाचा तपशील देणारे अनुभव-प्रमाणपत्र कंत्राटदाराने द्यायचे असते, परंतु त्याने नेमके काय काम केले हे कंत्राटदाराला क्वचितच ठाऊक असते. म्हणून टीम लीडने शेवटच्या आठवड्यात अर्ध्या पानाचे टिपण कंत्राटदाराकडे पाठवावे, त्यात ‘सहा महिने चाचणीकार्य’ एवढेच न लिहिता कोणत्या बँकांच्या फाइलींचा ताळमेळ त्या व्यक्तीने सांभाळला, कोणता दोष शोधला आणि कोणती दुरुस्ती तिच्या सांगण्यावरून झाली, हे नावानिशी लिहावे आणि त्याची एक प्रत तिलाही द्यावी.